पिसवा कुत्र्यावर कमी, कार्पेटमध्ये जास्त

भारतात महिनाभर राहून घरी परतावे, बॅगा खाली ठेवाव्यात आणि दहा मिनिटांत पोटऱ्यांना चावे सुरू व्हावेत, हा अनुभव कुत्री-मांजरे पाळणाऱ्या आपल्यातल्या काही घरांना आहे. कुत्रा तर अजून केनेलमध्येच! मग पिसवा आल्या कुठून? त्या घरातच होत्या. कोषातली पिसू रिकाम्या घरात काही महिनेसुद्धा दबा धरून बसते. पावलांचा दणका, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते.

अशा वेळी घाबरून फवारणीवाल्याला बोलावणे किंवा मुलांच्या जिवाभावाचा कुत्रा शेल्टरमध्ये देऊन टाकणे, या दोन्ही गोष्टी माझ्या मते अनाठायी आहेत. अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष कार्पेटात, सोफ्याच्या फटीत, कुत्र्याच्या अंथरुणात असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. दुकानातल्या फॉगरचा धूर सोफ्याखाली पोहोचतच नाही, शिवाय गॅसची पायलट ज्योत चालू असेल तर आगीचा धोका निराळाच.

त्यापेक्षा घरातल्या प्रत्येक प्राण्याला व्हेटने सांगितलेले औषध किमान तीन महिने, एकही मात्रा न चुकवता द्यावे. सुरुवातीला रोज व्हॅक्यूम करून पिशवी लगेच घराबाहेर टाकावी. अंथरुणे गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवावीत. पहिले काही आठवडे नव्या पिसवा दिसतच राहतात. त्या जुन्या कोषांतल्या असतात. नेमके इथेच लोक "औषध फुकट गेले" म्हणून सोडून देतात!

इथे आलेल्या आई-वडिलांना पिसू म्हटले की प्लेग आठवतो. साहजिकच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले त्यातच गेल्या. पण ती उंदरावरची पिसू. आपल्या कुत्र्यावर बहुधा असते ती मांजराची पिसू. तिच्यामुळे खाज येते, आणि लहान मुलाने ती चुकून गिळली तर टेपवर्म होऊ शकतो.

पैशाचे म्हणाल तर व्हेटकडून प्रिस्क्रिप्शन मागून बाहेरही किंमत विचारावी. साध्या पेट इन्शुरन्समध्ये हा खर्च सहसा बसत नाही. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर गोळी सुरू करण्याआधी सांगावे. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली काही गोळ्यांबाबत तशी सूचना दिली आहे.

काटकसर मात्र एका ठिकाणी अजिबात नको. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी करून मांजराला लावू नये. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि त्याने मांजर दगावू शकते. आजीचा कापूर आणि डांबराच्या गोळ्याही प्राण्यांपासून दूरच ठेवाव्यात.