प्रभूने व्हिसा दिला?

परवाच्या रविवारी उपासनेत पुन्हा तेच झालं. साक्षीची वेळ आली, एक तरुण पुढे गेला, माइक हातात घेतला आणि म्हणाला, दोन वर्षं अडकलेलं प्रमोशन प्रभूने मिळवून दिलं, बाणेरचा फ्लॅटही दिला. सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हणालो. सवयच आहे ना! पण घरी येताना गाडीवर डोक्यात जो भुंगा शिरला तो शनिवार उजाडला तरी जात नाही. म्हणून लिहायला बसलोय. आधीच सांगतो, आजचा लेख जरा कडू आहे. ज्यांना कडू चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं :)

माझं म्हणणं सरळ आहे. पगार, व्हिसा आणि फ्लॅट यांची यादी वाचून 'बघा, माझा विश्वास किती खरा' असं सिद्ध करणारी साक्ष शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. अपुरी वगैरे नाही, विरुद्धच.

आता तुम्ही म्हणाल, हा कोण लागून गेला आम्हाला शिकवणारा? बरोबर आहे. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

२०२३ साल. एका परदेशी क्लायंटच्या प्रोजेक्टला पाच वर्षं अनुभवाचा माणूस हवा होता. माझा अनुभव तीन वर्षांचा. मॅनेजर म्हणाला, "सीव्हीत दोन वर्षं वाढव, सगळेच करतात." मी वाढवली. इंटरव्ह्यू झाला, प्रोजेक्ट मिळाला, पगार वाढला. पुढच्याच रविवारी मी माइकसमोर उभा! माणसांनी बंद केलेलं दार प्रभूने उघडलं असं ठोकून दिलं. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आईने पेढे वाटले.

दार प्रभूने उघडलं नव्हतं हो. मी खोटी किल्ली बनवून उघडलं होतं.

त्याच वर्षी माझ्या मावसभावाला, म्हणजे आमच्या दादाला, त्याच्या कंपनीत हेच सांगितलं गेलं. तो नाही म्हणाला. दोन महिने बेंचवर बसला आणि मग नारळ मिळाला. त्या वर्षी सगळ्या आयटीतच नोकरकपात चालू होती, त्यामुळे दुसरी नोकरी लवकर लागेना. एका रविवारी चर्चच्या दारात कुणीतरी मावशीला विचारलं, "मुलगा प्रार्थनेत कमी पडतोय का हो?" विचारणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नसणार. पण दादा मागेच उभा होता. त्या दिवसापासून तो उपासनेला आलेला नाही. मला एकदाच म्हणाला, "अरे, तुमच्या साक्षी ऐकल्या की वाटतं देवाचा माझ्यावरच राग आहे."

म्हणजे हिशोब बघा. खोटं बोललेला माइकवर, खरं बोललेला घरी. आणि आम्ही याला साक्ष म्हणतो!

आपण इंजिनियर लोक. एखाद्या सिस्टिमच्या लॉगमध्ये फक्त यशस्वी व्यवहारच लिहिले जातात आणि फसलेले गुपचूप पुसले जातात असं कळलं, तर तुम्ही त्या लॉगवर विश्वास ठेवाल का? साक्षीच्या वेळेचं नेमकं तेच झालंय. ज्याचं काम झालं तो बोलतो. तितकीच प्रार्थना करूनही ज्याचं झालं नाही तो मागच्या बाकावर बसतो, मग हळूहळू यायचा बंद होतो. उरलेल्यांना वाटतं, बघा, आपल्यात सगळ्यांच्याच प्रार्थना ऐकल्या जातात!

सगळ्यात जास्त साक्षी मी ऐकल्या त्या व्हिसाच्या. २०२४ च्या मार्चमधलंच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी सुमारे ४ लाख ७० हजार वैध नोंदण्या झाल्या होत्या. कॉम्प्युटरने सोडत काढली आणि सुमारे १ लाख ३५ हजारांची निवड झाली. ज्याचं नाव निघालं तो म्हणाला, प्रभूने दिला. मग उरलेल्या तीन लाखांवर नोंदण्यांचं काय? त्यात गुडघे टेकणारे कुणीच नव्हते का?

गंमत म्हणजे सोडतीचा प्रसंग पवित्र शास्त्रातही आहे. प्रेषितांची कृत्ये, पहिलाच अध्याय. यहूदाच्या जागी माणूस निवडायचा होता. उमेदवार दोन, मथिया आणि बर्सबा म्हटलेला योसेफ. प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, मथियाचं नाव निघालं. त्या अध्यायात योसेफाचा विश्वास कमी पडला असं एक अक्षर नाही. मथियानेही उभं राहून 'बघा माझी भक्ती' असं भाषण दिलेलं नाही. चिठ्ठी निघाली, तो कामाला लागला, संपलं.

आणि खुद्द येशूने तर हे समीकरण भर लोकांत मोडलंय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले होते. त्याने लोकांनाच विचारलं, ते अठरा जण यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच नाही म्हणाला. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? उत्तर, कुणाचंच नाही. मावशीला चर्चच्या दारात विचारलेला प्रश्न हा त्या शिष्यांचाच प्रश्न आहे. उत्तर मिळून दोन हजार वर्षं होत आली, आम्ही अजून प्रश्नच विचारतोय.

आता एक आक्षेप येणार, मला माहीत आहे. मग काय देवाचे आभार मानायचेच नाहीत का? मानायचे की! दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच आभार मानायला परत आला, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत हे येशूनेच विचारलं. पण त्या नऊ जणांकडे जरा नीट बघा. तेही बरे झालेच होते. म्हणजे कातडी बरी होणं हे काही विश्वासाचं सर्टिफिकेट नव्हे. फ्लॅट मिळाला तर जरूर आभार माना, फक्त तो पुरावा म्हणून दाखवू नका. आभार मानणारा खाली वाकतो. पुरावा दाखवणारा मागच्या बाकावरच्याला आणखी खाली ढकलतो.

आमचं मूळ घर नगरकडचं. लहानपणी आजी ज्यांच्या गोष्टी सांगायची त्यांना आजचं हे माप लावून बघू. पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ मध्ये नवरा गेला. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग म्हणाल सगळं सुरळीत झालं? १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. मधल्या काळात या बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणून जगवल्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तर पुढची काही वर्षं नवरा-बायकोची ताटातूट झाली. आज ही माणसं साक्षीला उभी राहिली तर काय सांगतील? प्रभूने माझं काय काय नेलं ते? आपण त्यांना माइक देऊ का, की 'जरा उत्तेजन देणारं बोला' म्हणून खाली बसवू?

तर मग रोजच्या जगण्यात शुभवर्तमान दिसतं कुठे? मला वाटतं, जक्कयाच्या घरात. हा यरीहोतला मुख्य जकातदार, गडगंज श्रीमंत. म्हणजे आमच्या मापाने आधीच 'आशीर्वादित'! उंबराच्या झाडावरून उतरला, येशूला घरी घेऊन गेला आणि मग उभा राहून बोलला. काय बोलला? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत. शुभवर्तमानातली मला सगळ्यात आवडणारी साक्ष हीच, आणि तिच्यात काय मिळालं याची यादीच नाही. काय परत करतोय याची आहे, तीही आकड्यांसकट. आजच्या दिवशी या घराचं तारण झालं असं येशू म्हणाला ते हे ऐकल्यानंतर.

रविवारी हात वर करणं सोपं असतं. सोमवारी सकाळी टाइमशीट भरताना, सीव्ही पाठवताना, ज्युनियरच्या कामाखाली आपलं नाव घालताना कळतं की आपण कुणाच्या मागे चाललोय.

मी काय केलं तेही सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे आणखी एक साक्षच व्हायची. सोमवारी नव्या क्लायंटसाठी माझा सीव्ही जाणार होता. त्यात अनुभवाचा खरा आकडा घातला आणि जुन्या सीव्हीबद्दल मॅनेजरला स्पष्ट सांगितलं. तो गप्प बसला. अजून बोलावणं आलेलं नाही, येईल की नाही माहीत नाही. जक्कयाने चौपट परत केलं. माझं चौपट म्हणजे नेमकं किती आणि कुणाला, हा हिशोब मला अजून जमलेला नाही.

पाळकसाहेबांकडे पुढच्या रविवारी पाच मिनिटं मागितली आहेत, २०२३ ची साक्ष मागे घ्यायला. ते चष्मा पुसत म्हणाले, "बघू या."

काल रात्री दादाला फोन केला. म्हटलं, या रविवारी तू ये. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू आधी बोल. मग बघतो."