विश्लेषण : महाड-पोलादपूरच्या ज्येष्ठांसाठी छोटा वृद्धाश्रम निवडताना काय पाहावे?

खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची करणारे विधेयक संसदेत मंजूर झालेच नाही. त्यामुळे ही तपासणी शेवटी कुटुंबालाच करावी लागते. ती कशी करायची?

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले की महाड आणि पोलादपूरच्या एसटी स्थानकांत मुंबईकडे परतणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी होते. निघण्याच्या आदल्या रात्री अनेक घरांत एकच विषय निघतो : आईला आता एकटे ठेवता येणार नाही. ती मे महिन्यात न्हाणीघरात पडली होती. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे तिला आठवत नाही. शेजारचे घर बंद असते, वाडीत रात्री हाक मारली तर येणारे हातपाय राहिलेले नाहीत. मुंबईच्या दोन खोल्यांत तिचा जीव रमत नाही. मग कोणीतरी दबक्या आवाजात वृद्धाश्रमाचा विषय काढतो आणि बैठक शांत होते.

हा विषय आता काही मोजक्या घरांचा राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या 2023 च्या अहवालानुसार भारतात 2022 मध्ये साठीपुढील 14.9 कोटी लोक होते. 2050 पर्यंत ही संख्या 34.7 कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. कोकणात त्याची चाहूल आधीच लागली आहे. महाड-पोलादपूरला लागून असलेल्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या काळात वाढण्याऐवजी घटली. तरुण कामासाठी बाहेर, ज्येष्ठ गावात, असे हे चित्र आहे.

‘वृद्धाश्रम’ म्हणजे नेमके काय?

एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या सोयी येतात आणि पहिली गफलत इथेच होते.

पहिला प्रकार धर्मादाय वृद्धाश्रमाचा. निराधारांना मोफत किंवा नाममात्र शुल्कात ठेवणारा. राज्यात स्वयंसेवी संस्थांमार्फत असे वृद्धाश्रम चालवण्याची योजना 1963 पासून आहे. 1995 मध्ये ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजनाही आली.

दुसरा प्रकार सशुल्क निवासाचा. इथे बहुधा स्वतः चालणारे, स्वतः जेवणारे ज्येष्ठच घेतले जातात. रायगडमध्येच नेरळला डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांसाठीची वसाहत आहे, पण तो मोठ्या प्रकल्पाचा नमुना झाला.

तिसरा प्रकार शुश्रूषा केंद्राचा. अंथरुणाला खिळलेल्या, नळीतून अन्न घेणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी. बंगल्यात किंवा इमारतीच्या एका मजल्यावर दहा-वीस खाटांची जी छोटी केंद्रे दिसतात, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या मधे कुठेतरी असतात.

म्हणून पहिल्या फोनवरच दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा : ‘आज आजी चालते आहे. उद्या ती अंथरुणाला खिळली, तर तुम्ही तिला ठेवाल का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ते प्रामाणिक आहे. पण मग दोन वर्षांनी पुन्हा जागा शोधावी लागेल, हे कुटुंबाने आजच धरून चालावे.

कायदा काय सांगतो?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह आणि कल्याण कायदा 2007 चा आहे. त्याच्या कलम 19 नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, सुरुवातीला किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारू शकते. कायद्यात ‘उभारू शकते’ असे म्हटले आहे, ‘उभारलाच पाहिजे’ असे नाही.

शुल्क घेऊन चालणाऱ्या खासगी केंद्रांची नोंदणी, किमान कर्मचारी, नियमित तपासणी याबद्दल हा कायदा काहीच सांगत नाही. ही पोकळी भरण्यासाठी डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. त्यात ज्येष्ठांच्या निवासांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. मात्र ते मंजूर झाले नाही आणि 2024 मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

गंमत अशी, की ज्येष्ठांसाठी विकल्या जाणाऱ्या फ्लॅटच्या प्रकल्पांना महारेराने 2024 मध्ये नियम लागू केले. दारांची रुंदी किमान 900 मिलिमीटर, न घसरणारी फरशी, धरायला दांडे, चाकाची खुर्ची जाईल असे मार्ग. दहा खाटांच्या भाड्याच्या बंगल्याला हे नियम लागू होत नाहीत. पण कुटुंबाला ते मोजमाप म्हणून वापरता येतात. खिशात मोजपट्टी ठेवावी आणि शौचालयाचे दार मोजावे.

कोणते कागद मागायचे?

नोंदणी दाखवा म्हटले की बहुतेक ठिकाणी भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखवतात. ते कशाचे आहे, ते वाचावे.

- सार्वजनिक न्यासाची नोंदणी : संस्था अस्तित्वात आहे, एवढेच यातून कळते. आजीला वेळेवर पाणी मिळते का, हे नाही.
- शुश्रूषागृह नोंदणी : आजारी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या जागेला 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. सलाइन, नळ्या, जखमांची मलमपट्टी अशी कामे केंद्र करत असेल, तर हा कागद मागावाच.
- इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र : महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020 रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा मृत्यू झाला. ती जुनी, मोडकळीला आलेली इमारत नव्हती. त्यामुळे ‘बिल्डिंग नवीन आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.
- जागा भाड्याची असल्यास भाडेकराराची मुदत. करार सहा महिन्यांत संपणार असेल, तर आजीचा मुक्कामही तेवढाच धरावा.

महाड-पोलादपूरमध्ये वेगळे काय पाहायचे?

पाणी आणि डोंगर. जुलै 2021 मध्ये सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच 22 जुलैला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी तेच भोगले होते.

धडधाकट माणूस पाणी चढताना माळ्यावर जातो. अंथरुणाला खिळलेल्या आठ जणांना दोन सेविका वरच्या मजल्यावर कशा नेणार? हा प्रश्न केंद्रचालकाला थेट विचारावा. 2021 मध्ये इथे पाणी किती चढले होते, हे मात्र शेजारच्या दुकानदाराला विचारावे. जनरेटर असेल तर तो तळमजल्यावर आहे की वर? ऑक्सिजन यंत्र, हवेची गादी, पाण्याचा पंप हे सगळे विजेवरच चालते. डोंगर उतारावरच्या निवांत जागेचा देखावा छान असतो, पण तिथे पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद होता, हेही विचारावे.

दुसरा मुद्दा रुग्णालयाचा. महाड आणि पोलादपूरला ग्रामीण रुग्णालय आहे, माणगावला उपजिल्हा रुग्णालय, तर जिल्हा रुग्णालय थेट अलिबागला, महाडपासून शंभरहून अधिक किलोमीटरवर. खुब्याचे हाड मोडले किंवा पक्षाघात झाला, तर केंद्र आधी कुठे नेणार? 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत सोबत कोण बसणार? रुग्णालयात रात्रभर कोण थांबणार? केंद्राची माणसे दाखल करून परत येत असतील, तर मुंबईहून कोणी पोहोचेपर्यंत मधल्या पाच-सहा तासांचे काय, हे आधी ठरलेले हवे. सत्तरीपुढील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते. ते काढून त्याची प्रत केंद्रात ठेवावी. मात्र हे कार्ड रुग्णालयासाठी आहे, केंद्राच्या मासिक शुल्कासाठी नाही.

दिवसा पाहायचे, रात्रीचे विचारायचे

भेट ठरवून गेले की फरशी पुसलेली असते आणि चहा येतो. खरी परीक्षा रात्रीची असते. रात्री दहा ते सकाळी सहा किती माणसे जागी असतात? ‘इथेच झोपतात’ आणि ‘जागी असतात’ यात फरक आहे. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. ते कोण करते आणि कुठे लिहिले जाते?

औषधांची वही मागून पाहावी. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, ओळीने लिहिलेल्या असतील तर त्या बसून एकदम लिहिलेल्या असण्याची शक्यता अधिक. जेवणाच्या वेळी जावे आणि ज्यांना हाताने भरवावे लागते त्यांच्या ताटाकडे पाहावे. तिथे राहणाऱ्या एखाद्या आजोबांशी पाच मिनिटे एकट्याने बोलू देतात का, यावरून बरेच कळते. दर महिन्याला वजन करून कुटुंबाला कळवतात का, हेही विचारावे. वजन सतत घटत असेल तर काहीतरी बिनसले आहे, हे फोटोपेक्षा आधी कळते.

पैशांचा हिशेब

जाहिरातीतील मासिक रक्कम हा खर्चाचा फक्त पहिला आकडा असतो. डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट, फिजिओथेरपी, स्वतंत्र सेविका, रुग्णवाहिका हे वेगळे लागते का, ते लिहून घ्यावे. अनामत रक्कम किती दिवसांत परत, मधेच घरी नेल्यास किंवा निधन झाल्यास त्या महिन्याचे पैसे कसे, शुल्क वर्षाला किती वाढणार, हे करारात हवे. आयकर कायद्याखाली नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढील व्यक्तीसाठी दरमहा 25 हजार रुपयांपर्यंतच्या सर्वसमावेशक शुल्काला जीएसटी माफ आहे. अशा संस्थेच्या बिलात तो लावला असेल तर विचारणा करावी.

श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन महिना 1,500 रुपये आहे. त्यात सशुल्क निवास भागत नाही. म्हणून भावंडांत कोण किती देणार, हे प्रवेशाआधी ठरावे. आणि ‘घर-जमीन आमच्या नावावर करा, आम्ही आयुष्यभर सांभाळू’ असा प्रस्ताव कोणीही दिला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

गावाजवळ की मुंबईजवळ?

सर्वांत मोठा वाद इथे होतो. गावाजवळ ठेवले तर ओळखीची बोली, ओळखीची भाकरी-आमटी, अधूनमधून डोकावणारी भाची. पनवेल-बदलापूरकडे ठेवले तर मुलाला रविवारी जाता येते, मोठी रुग्णालये जवळ, पण आजीला आसपास कोणी ओळखीचे नाही.

वर पाहिले त्याप्रमाणे सरकारी तपासणीस नियमाने येईल, याची खात्री कायदा देत नाही. मग केंद्रावर नजर ठेवणारा एकच उरतो, तो म्हणजे न सांगता येणारा नातेवाईक. ज्याच्याकडे माणूस येतो, त्याची चादर वेळेवर बदलली जाते, हे कटू असले तरी खरे आहे. त्यामुळे दोन केंद्रांत अडले, तर स्वस्त किंवा सुंदर यापेक्षा ‘आठवड्यातून एकदा न कळवता कोण जाऊ शकेल?’ या प्रश्नावर निर्णय घ्यावा. ती व्यक्ती महाडमध्ये राहणारी भाची असेल तर महाड बरे, पनवेलमधील मुलगा असेल तर पनवेल. आणि असे जाणारे कोणीच नसेल, तर केंद्र बदलून फारसे साधणार नाही. आधी तो माणूस ठरवावा.

आजीला कोणी विचारले का?

प्रवेशाच्या कागदांवर मुलाची सही असते. पण ज्येष्ठ व्यक्तीला समज असेल तर निर्णय तिचा आहे. ‘चार दिवस फिरायला जाऊ’ असे सांगून सोडून आल्यास पुढचे कित्येक महिने ती बॅग भरून दारात बसते. आधी एकदा दाखवून आणावे, शक्य असल्यास महिनाभर राहून पाहण्याची सोय मागावी. देवघरातली मूर्ती, स्वतःची गोधडी, फोन सोबत ठेवू देतात का, हेही विचारावे.

वृद्धाश्रमात ठेवणे हा गुन्हा नाही. पूर्णपणे टाकून देण्याच्या हेतूने ज्येष्ठाला कुठेही सोडणे हा गुन्हा आहे. 2007 च्या कायद्याच्या कलम 24 नुसार त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बिघडले तर कुठे जायचे?

- केंद्राने पैसे घेऊन सेवा दिली नाही : जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे शुल्क भरणाऱ्या मुंबईच्या मुलाला अलिबागला खेटे घालावे लागत नाहीत.
- मारहाण, कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे : थेट पोलीस.
- मुले खर्च देत नाहीत : महाडच्या प्रांताधिकाऱ्यांपुढील निर्वाह न्यायाधिकरण. अर्ज स्वतः ज्येष्ठ व्यक्ती करू शकते. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला, त्याची मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो. कमाल रक्कम महिना दहा हजार रुपये.
- काय करावे हेच सुचत नाही : ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8.

प्रवेश झाल्यावर पहिले तीन महिने सर्वाधिक महत्त्वाचे. पहिल्या आठवड्यात दोनदा, मग दर आठवड्याला, वेळ बदलून जावे. कधी सकाळी नाश्त्याला, कधी दिवेलागणीला. आजीच्या टाचा पाहाव्यात, नखे पाहावीत, आणि ‘बरी आहेस ना?’ असे न विचारता ‘काल रात्री काय जेवलीस?’ असे विचारावे.