सुगावा देणारा मास्तर



गेल्या वर्षीची गोष्ट. मधल्या सुट्टीनंतर सातवीच्या वर्गात गेले, तर एक मुलगा बाकावर डोके टेकवून बसलेला. बाकीची पोरे तोंड दाबून हसत होती. दोनदा विचारल्यावर कळले की त्याच्या गडद रंगावरून वर्गाने त्याचे नाव ‘हबशी’ ठेवले आहे.

“आपा, गंमत केली फक्त,” एक जण म्हणाला.

मी दोघा-तिघांना रागावले आणि फळ्यावर तारीख लिहून धडा सुरू केला. घरी येईपर्यंत मात्र मन खात राहिले. ‘चिडवू नका’ एवढेच मी म्हणाले होते. ‘हबशी’ ही शिवीच नाही, हे सांगायचे राहिले. म्हणजे ती शिवी आहे हे मीही मान्य करून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि मुलांना विचारले, इस्लाममधली पहिली अजान कोणी दिली? सगळे एका सुरात ओरडले, “हजरत बिलाल!” ते कुठल्या वंशाचे होते? वर्ग गप्प. मग सांगितले की हजरत बिलाल (रजि.) हबशी आईचे लेक, मक्केतले गुलाम. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तोही हबशाच्या राजाने, नजाशीने. “आणि आपल्या महाराष्ट्रात एक हबशी गुलाम निजामशाहीचा कारभारी झाला. त्याचे नाव मलिक अंबर.”

बोदवडच्या नळाला किती दिवसांनी पाणी येते, हे आमच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून मलिक अंबरची कथा मी पाण्यापासून सुरू केली. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेले एक पोर गुलाम म्हणून विकले गेले आणि हात बदलत बदलत दख्खनला पोहोचले. पुढे त्यानेच मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले, जमिनीची मोजणी करून साऱ्याची घडी बसवली आणि 1610 मध्ये खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद. त्या शहराला त्याने जमिनीखालच्या नहरीतून पाणी आणले. वीज नाही, मोटार नाही, तरी ती नहर-ए-अंबरी पुढे शतकानुशतके वाहत राहिली. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

मुले ऐकत होती. मग त्याच मुलाने मान वर करून विचारले, “आपा, हे लिहिलंय कुठे? मला दाखवा.”

माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. पाठ्यपुस्तकात मलिक अंबरच्या वाट्याला फारशा ओळी येत नाहीत. आपल्याकडे दुकानात वह्या मिळतात, गाइड मिळतात. असले पुस्तक हवे तर निदान जळगाव गाठावे लागते. तोंडी सांगितलेला इतिहास मुलाला पुरत नाही. त्याला छापलेले पान हवे असते, कारण ते पान तो चिडवणाऱ्याच्या डोळ्यासमोर धरू शकतो.

त्या दिवशी मला विलास वाघ सरांची आठवण झाली. मी त्यांना कधी भेटले नाही, त्यांची पुस्तके मात्र माझ्या कपाटात आहेत. सर आपल्याच खान्देशचे, धुळ्याजवळच्या मोराण्याचे. जन्म 1939 चा. पेशाने शिक्षक आणि माझ्यासारखेच बी.एड. झालेले. 1972 मध्ये त्यांनी पुण्यात ‘सुगावा प्रकाशन’ सुरू केले आणि त्याच नावाचे नियतकालिकही चालवले. पत्नी उषाताई या कामात बरोबरीने होत्या. ज्यांचा इतिहास पुस्तकांच्या बाजारात खपत नाही असे म्हटले जाई, त्या दलित, भटक्या-विमुक्त, कष्टकरी माणसांची आणि स्त्रियांची पुस्तके त्यांनी सदाशिव पेठेतून छापली आणि विकली. रावसाहेब कसबे यांचे ‘आंबेडकर आणि मार्क्स’, धुळ्याच्याच कॉम्रेड शरद पाटलांचे ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ अशी पुस्तके लोकांच्या हाती पोहोचली ती या घरातून. 25 मार्च 2021 रोजी सर गेले.

‘सुगावा’ म्हणजे माग. हरवलेल्या वस्तूचा लागतो तो. एखाद्या समाजाला आपल्याच वाडवडिलांचा माग लागत नसेल, तर तो लावून देणारा माणूस लागतो. दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. दूरदूरच्या गावांतून आलेली माणसे कनवटीचे पैसे मोजून पुस्तक घेतात. घरात वाचता येणारे एकच पोर असले तरी घेतात. मला त्या समाजाचा हेवा वाटतो, चांगल्या अर्थाने. ही सवय आपोआप लागलेली नाही. वाघ सरांसारख्या माणसांनी पन्नास पन्नास वर्षे स्वस्तात पुस्तके छापली, गठ्ठे उचलले, तेव्हा ती लागली.

या कामाचे नाते थेट अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांची दुःखे सारखी असल्याचे कळवले. सुगावा सुरू झाले त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

वाघ सरांसारखाच एक पुस्तकवाला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत होता. लुईस मिशो त्याचे नाव. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने काळ्यांच्या इतिहासाचे दुकान काढले, तेव्हा त्याच्याकडे मोजून पाच पुस्तके होती असे सांगतात. ज्याच्याकडे पैसे नसत त्याला तो दुकानातच बसून वाचू देई. मॅल्कम एक्स, म्हणजे हज करून आलेले अल-हाज मलिक अल-शबाझ, त्या दुकानात वाचायला येत आणि दारासमोर उभे राहून भाषण करत. 1974 मध्ये दुकान बंद झाले. तोवर हार्लेमच्या किती तरी पिढ्यांना आपण कोण, याचा सुगावा तिथे लागला होता.

आता आपल्या घराकडे बघू या. आपण मुलाचे नाव मोठ्या प्रेमाने बिलाल ठेवतो आणि त्याच्यासाठी सून शोधताना “रंग साफ हवा” म्हणतो. बारशापासून लग्नापर्यंत सावळ्या लेकीला हळद-बेसन चोळतो. वर्गातल्या पोरांनी ती शिवी रस्त्यावरून उचलली असेल, पण रंगाचा तराजू त्यांना घरातच मिळाला होता. हे माझ्या घरालाही लागू आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. इतिहासात तुमचे काय, असे आपल्या मुलांना कोणी विचारले की ती गप्प बसतात किंवा भांडतात. दोन्हींचे कारण एकच, हातात पुस्तक नाही. आपण अगदीच रिकामे आहोत असे नाही. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फकरुद्दीन बेन्नूर सरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य घालून दख्खनी मुसलमानांचा इतिहास मराठीत लिहिला. लिहिणारे झाले. ते घरोघर पोहोचवणारे कमी पडले, आणि विकत घेणारे त्याहून कमी.

म्हणून भगिनींनो, एक विनंती. लग्नात आपण स्टीलची भांडी देतो, त्यासोबत एक पुस्तक द्या. ईदीच्या पाकिटात थोडे कमी घाला आणि त्या पैशाचे पुस्तक आणा. मस्जिदीच्या किंवा मदरशाच्या कपाटात कुरआन शरीफ आणि हदीसच्या किताबांशेजारी दख्खनच्या इतिहासाला एक फळी द्या. आणि गावातला कोणी तरुण असली पुस्तके विकायला बसला, तर “खपतात का रे?” असे विचारू नका. एक घेऊन जा.

मलिक अंबरवरचे एक पुस्तक मी ओळखीतून औरंगाबादहून मागवले. आले तेव्हा कव्हर घालून त्या मुलाच्या हातात दिले. आठ दिवसांनी परत मागितले, तर म्हणाला, “आपा, अजून दोन दिवस. अब्बा वाचताहेत.”

त्याचे अब्बा हमाली करतात. पुस्तक अजून परत आलेले नाही, आणि मी मागितलेलेही नाही.