ऑनसाइटला जा, पण गाव बघून या!

होस्टेलवर ‘ऑनसाइट’ हा शब्द निघाला की पुढचे प्रश्न ठरलेले. भत्ता किती? पौंड किती वाचले? येताना काय आणलं? गाव कसं होतं, हे कोणी विचारत नाही. कंपनीच्या कामासाठी मला जूनमध्ये दोन आठवडे इंग्लंडमधल्या यॉर्कला राहायला मिळालं. तेव्हापासून माझं स्पष्ट मत आहे, की गाव न बघता परतणं म्हणजे भरल्या ताटावरून नुसतं लोणचं चाटून उठणं!

काही जण म्हणतील, कंपनी काय फिरायला पाठवते? मान्य. काम चोख झालंच पाहिजे. पण पाचला ऑफिस सुटतं आणि जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एवढा वेळ हॉटेलच्या टीव्हीसमोर घालवायचा?

यॉर्क रोमनांनी इ. स. ७१ मध्ये वसवलं. जुन्या गावाभोवतीचा तट अजून सुमारे साडेतीन किलोमीटर उभा आहे आणि त्यावरून फुकट चालता येतं. शॅम्बल्स ही जुनी खाटीक गल्ली. तिथल्या लाकडी घरांचे वरचे मजले इतके पुढे आलेत, की वाटतं खिडकीतून समोरच्याला चहाचा कप द्यावा. शनिवारी रेल्वे म्युझियम गाठलं. १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं ‘मॅलार्ड’ तिथलंच. मेकॅनिकलवाल्यांनी तर चुकवूच नये.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते यॉर्क मिन्स्टर या भव्य चर्चचं तळघर. १९६७ च्या सुमारास लक्षात आलं, की मधल्या मनोऱ्याचा पाया दगा देतोय. मनोरा सुमारे १६ हजार टनांचा! पाडून नवा बांधू, असं कोणी म्हटलं नाही. जुन्या पायाभोवती काँक्रीट ओतून स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी तो आवळला. १९७२ पर्यंत हे काम चाललं. खोदताना रोमन छावणीच्या इमारतीचे अवशेष निघाले, तेही जपले. ते काँक्रीट बघताना मला वाटलं, खरी इंजिनिअरिंग ही!

तिथेही सगळे शहाणे होते असं नाही. १८०० साली नगरपालिकेलाच तट पाडायचा होता. विल्यम एटी या चित्रकारासारखी माणसं विरोधाला उभी राहिली म्हणून बराचसा वाचला. तरी वेशींपुढची दगडी बांधकामं गेलीच. चार मुख्य वेशींपैकी फक्त वॉमगेटपुढचं आज शिल्लक आहे.

मित्रांनो, चार वर्षांत आपण नवं डिझाइन करायला शिकतो. जुनं टिकवायचं कसं, हे किती जण शिकतात? सिंहगडावर आपण जातो, पिठलं-भाकरी हाणतो, फोटो काढतो आणि उतरतो. शेकडो वर्षांपूर्वीचं पाण्याचं टाकं कातळात कसं खोदलं असेल, हा प्रश्न डोक्यात येतो का? आधी ही नजर हवी. ती नसेल तर यॉर्क काय आणि सिंहगड काय, सारखेच!

म्हणून पुढे कंपनीने कुठेही पाठवलं, तर बॅगेत मॅगीच्या पाकिटांबरोबर चालायचे बूटही टाका. वाचवलेले पौंड वर्षभरात संपतात. पाहिलेलं गाव जन्मभर पुरतं.