चूक सांगावी कशी?

जगाचा एक नकाशा असा आहे, की जो तुमच्या-माझ्यासारखी साधी माणसं मिळून काढतात. त्याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने २००४ साली इंग्लंडमध्ये तो सुरू केला. इंटरनेटवर आपलं नाव नोंदवायचं, उपग्रहाने टिपलेलं छायाचित्र समोर घ्यायचं आणि त्यावरून रस्ते, घरं, ओढे गिरवायचे. बहुतेक जण हे काम हौसेनं, एक पैसाही न घेता करतात.

हौसेचं म्हणून हलकं समजू नका हं! २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. डोंगरातल्या कितीतरी वस्त्या नकाशावर नव्हत्याच. मदत घेऊन निघालेल्यांना वाट कळणार कशी? तेव्हा जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या तिथले रस्ते आणि घरं गिरवली. 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' या तिथल्या संस्थेतली तरुण मंडळी तर भूकंपाच्या आधीपासूनच हे काम करत होती.

पण यातले पुष्कळ जण पहिल्यांदाच नकाशा काढत होते. नवशिक्याच्या चुका होणारच. मग त्या शोधायच्या कशा?

त्याची रीत अशी. मोठ्या प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडतात. एकजण एक चौकोन घेऊन गिरवतो. मग दुसरा, अनुभवी माणूस तो तपासतो. काम बरोबर असेल तर पसंत करतो. नसेल तर 'अजून काम हवे' असा शेरा देऊन परत पाठवतो. सोबत चार ओळी लिहितो. या चार ओळी फार महत्त्वाच्या!

समजा, पडद्यावर दोन रस्ते एकमेकांना भिडलेले दिसतात, पण गिरवणाऱ्याने त्यांचा सांधा जोडलेलाच नाही. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. वाट शोधणाऱ्या संगणकाला मात्र तिथे रस्ता तुटलेला वाटतो. तो गाडीला लांबच्या वाटेनं पाठवतो. गाडीत औषधं असतील तर?

आता तपासणाऱ्याने लिहिलं, 'रस्ते चुकलेत. नीट लक्ष द्या.' कोणते रस्ते? काय चुकलं? काहीच कळत नाही. नवखा माणूस हिरमुसतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. पुढे त्याने जी गावं काढली असती, ती कोरीच राहतात.

बरं, त्याला वाईट वाटू नये म्हणून तपासणाऱ्याने गुपचूप स्वतःच दुरुस्ती केली तर? तेही अर्धंच काम. गिरवणाऱ्याला पत्ताच नाही! तो पुढच्या दहा चौकोनांत तेच करणार.

आता हे वाचा: 'नमस्कार. तुम्ही या चौकोनातलं एकही घर सोडलं नाहीत, छान! ओढ्याजवळचे दोन रस्ते तेवढे जोडायचे राहिलेत. चित्र मोठं करून एका रस्त्याचं टोक दुसऱ्यावर आणून टेकवा. मग गाडीला सरळ वाट सापडेल.'

काय चांगलं झालं, चूक नेमकी कुठे आहे, ती कशी सुधारायची आणि का, सगळं आलं. बोट चुकलेल्या रेघेवर आहे, माणसावर नाही.

आणखी एक. उपग्रहाचं छायाचित्र जुनं असू शकतं. गिरवणारा त्याच गावचा असेल, तर त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. म्हणून खोडण्याआधी विचारावं, 'इथला पूल मला चित्रात दिसत नाही. तुम्ही तो पाहिलाय का?' आणि उत्तराची वाट पाहावी.

या आठवड्यात एक करून पाहा. शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा आणि शेजारच्या मित्राशी किंवा मैत्रिणीशी वही बदला. तिच्या नकाशाखाली तीन वाक्यं लिहा: एक आवडलेल्या गोष्टीचं, एक दुरुस्तीचं आणि एक प्रश्नाचं. 'सुंदर', 'घाणेरडं' असे शब्द नकोत; जागा दाखवून लिहा. आणि पेन्सिल तुमच्या हातात असली, तरी खोडरबर ज्याचा नकाशा त्याच्याकडेच राहू द्या!