कारागृहांत वाङ्मय कशाला?

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम व विणकाम चालतें, त्याबद्दल कोणाची तक्रार नाहीं. पण तेथील एखाद्या बंदिवानानें वाङ्मयाचा अभ्यास मांडला कीं सुशिक्षितांच्या कपाळाला आठी पडते. याच कारागृहांत राहून याकूब मेमन यानें इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची इंग्रजी साहित्यांतील एम. ए. पदवी २०१३ सालीं मिळविली. ३० जुलै २०१५ रोजीं तेथेंच त्याला फांशी झाली. "मग त्या पदवीचा उपयोग काय?" असें विचारणारांस आम्ही विचारतों, बाहेरच्या पदवीधरांकडून हा हिशेब आपण कधीं मागितला? १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसें मेलीं. त्यांच्या आप्तांचा संताप आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु शिक्षा न्यायालय ठरवितें, आणि तींत अज्ञानाची भर घालण्याचा अधिकार इतर कोणास नाहीं.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. टपालानें पुस्तकें धाडून आणि परीक्षा घेऊन पदवी देतां येते. विद्येला माणूस लागतो. दाखला घरचाच आहे. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं झेंडा सत्याग्रहाच्या स्वयंसेवकांनीं येथील तुरुंग भरून गेला. त्यांत विनोबा होते. पुढें १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं व साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. तेथें ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. सांगणारा होता आणि ऐकणारे होते. ते राजबंदी, हे गुन्हेगार, असा भेद कोणी काढील. पण जाणण्याची भूक कलम पाहून लागत नाहीं! अमेरिकेंत बार्ड महाविद्यालयाचे अध्यापक तुरुंगांत जाऊन शिकवितात. त्यांच्या बंदिवान विद्यार्थ्यांनीं २०१५ सालीं हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना वादविवादांत हरविलें.

नागपूर विद्यापीठानें आतां शंभरी ओलांडली आहे. त्याच्या मराठी, इंग्रजी व तत्त्वज्ञान विभागांतील अध्यापकांनीं आठवड्यांतून एक दिवस वर्धा मार्गावरील त्या भिंतींआड घालवावा, चित्रकलेच्या शिक्षकांनीं रंग व कागद घेऊन जावें, आणि ते तास नोकरीचेच धरले जावेत. गुन्हेगारांवर ही उधळपट्टी कां, असें कोणी म्हणेल. २०२२ अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील दर चार बंदिवानांपैकीं तिघे कच्चे कैदी होते; त्यांचा गुन्हा अद्याप शाबीतही झालेला नव्हता.