नव्या डेस्कटॉपला ब्लू-रे हवाच

"आता डिस्क कोन लावते, भाऊ?" नागपुरातल्या बर्डीवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नवा डेस्कटॉप जोडून घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाने ब्लू-रे ड्राइव्हचं नाव काढलं की हा प्रश्न ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याच्याकडे येणाऱ्यांना काचेचा कॅबिनेट, रंगीत दिवे आणि दणकट ग्राफिक्स कार्ड हवं असतं. ड्राइव्ह बसवायचा सव्वापाच इंची कप्पा तर बहुतेक नव्या कॅबिनेटांतून गायबच झाला आहे. पण मागणी कमी झाली म्हणून वस्तूची गरज संपते, हे मला मान्य नाही. घरासाठी असो, वाचनालयासाठी असो की कॉलेजसाठी, आज नवा डेस्कटॉप घेणाऱ्याने त्यात ब्लू-रे वाचण्याची सोय करून घेतलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. विरुद्ध बाजूचे आक्षेप हलके नाहीत, म्हणून आधी त्यांनाच सामोरा जातो.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे "सगळं ओटीटीवर आहे". नागपुरात फायबर गल्लीबोळांत पोचलं आहे, त्यामुळे इंटरनेट संथ असल्याची जुनी तक्रार मी पुढे करणार नाही. माझी हरकत वेगळी आहे. ओटीटीवर जे दिसतं ते आपल्या ताब्यात नसतं. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ ला डिस्ने प्लस हॉटस्टारवरून गेल्या, थोड्याच दिवसांत जिओसिनेमावर उगवल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या दोन्ही सेवा मिळून जिओहॉटस्टार झालं. प्रेक्षकाने वर्गणी एका दारात भरायची आणि मालिका दुसऱ्या दारी शोधायची. 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट रीतसर प्रमाणपत्र मिळवून थिएटरात लागला होता. तक्रारी झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये तो नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. चित्रपट कसा होता आणि तक्रार योग्य होती का, यावर दोन मतं असतील. एक चित्रपट एका रात्रीत सगळ्या घरांतून एकदम नाहीसा करता येतो, याबद्दल मात्र दुमत होऊ शकत नाही. ज्याच्या कपाटात डिस्क आहे, त्याच्या घरी असं घडत नाही.

कोणी म्हणेल, वर्गणी सोडा, चित्रपट ऑनलाइन विकत घ्या. प्लेस्टेशनवर पैसे मोजून डिस्कव्हरीचे कार्यक्रम घेतलेल्यांना डिसेंबर २०२३ मध्ये कळवण्यात आलं, की ते वर्षअखेर त्यांच्या संग्रहातून काढले जातील. ओरड झाली, करार वाढवला गेला आणि निर्णय मागे घेतला गेला. पण काढून घेण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे हे त्या एका पत्राने दाखवून दिलं. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू आहे, की गिऱ्हाइकाला फक्त परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने ते त्याला स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडच्या ग्राहकाला ते कुणी सांगतही नाही.

"चित्र तर सारखंच दिसतं" हेही खरं नाही. फुल एचडीसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला ५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं सांगतं. ब्लू-रेवर एकट्या चित्राला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. नव्या कोडेकमुळे थोड्या बिटांत जास्त चित्र मावतं, त्यामुळे फरक आठपट दिसत नाही, हे कबूल. पण पाऊस, धूर, चुलीच्या उजेडातलं अंधारं घर अशी दृश्यं आली की स्ट्रीमिंगच्या चित्रात पट्टे आणि चौकोन उमटतात, डिस्कवर ते सहसा दिसत नाहीत. आवाजाचा फरक त्याहून मोठा. ब्लू-रेवर मूळ ध्वनिमिश्रण काही न गमावता येऊ शकतं. स्ट्रीमिंगवर ते दाबून पाठवावं लागतं. मोबाइलवर पाहणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. डेस्कटॉपला चांगला मॉनिटर आणि बरे स्पीकर जोडणाऱ्याला वाटायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उद्योगानेच डिस्क सोडली, मग तुम्ही का धरून बसता? सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं. नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. सोनीने, म्हणजे ब्लू-रे ज्या कंपन्यांनी जन्माला घातला त्यांतल्या अग्रणी कंपनीने, फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. आपल्याकडे मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून पायरसीच्या बाजाराला धक्का दिला होता. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ही सगळी वस्तुस्थिती मी नाकारत नाही, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. कारखाना बंद पडला म्हणून आधी विकलेली डिस्क मुकी होत नाही. ती वाचणारं यंत्र घरातून गेलं की होते. वाचक यंत्रं कमी होत चालली असतील, तर ती आजच घेऊन ठेवली पाहिजेत.

तिसरा आक्षेप कॉम्प्युटर जाणणाऱ्यांचा, आणि तो सगळ्यांत खरा आहे. कॉम्प्युटरवर ब्लू-रे लावणं ही कटकट आहे. स्टीव्ह जॉब्जने २००८ मध्येच परवान्यांच्या गुंत्याकडे बोट दाखवून मॅकमध्ये ब्लू-रे घ्यायला नकार दिला होता. विंडोज आजही ब्लू-रे चित्रपट स्वतःहून दाखवत नाही. त्यासाठी पॉवरडीव्हीडीसारखं सॉफ्टवेअर वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. डिस्कवर एएसीएसचं कुलूप, केबलवर एचडीसीपीचं कुलूप. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर चित्र उमटेलच याची खात्री नाही. ४के डिस्कची कथा तर आणखी वाईट. ती अधिकृतपणे दाखवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सोय लागायची, आणि अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून इंटेलने तीच काढून टाकली. म्हणजे पैसे मोजून आणलेली ४के डिस्क नव्याकोऱ्या, जास्त ताकदीच्या कॉम्प्युटरवर लागत नाही, जुन्यावर लागते.

म्हणून माझा आग्रह साध्या ब्लू-रेपुरता आहे. ४के डिस्कसाठी डेस्कटॉप घेऊ नका. त्या हौसेला टीव्हीजवळचा वेगळा प्लेअर बरा. साध्या ब्लू-रेसाठी लागणारी ताकद आजच्या स्वस्तातल्या स्वस्त प्रोसेसरमध्येही आहे; एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर आता सगळीकडे मिळतो; सॉफ्टवेअरची किंमत ड्राइव्हच्या किमतीतच धरायची. उरतो तो कुलपांचा त्रास. तो डिस्कने दिलेला नाही, डिस्क विकणाऱ्यांनी दिला आहे. आपला कायदा याबाबत पुष्कळ समजूतदार आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण तोडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा असेल तेव्हा. आणि कलम ५२ खाजगी वापर, संशोधन, समीक्षा यांना उचित व्यवहाराची मोकळीक देतं. विकत घेतलेला चित्रपट स्वतःच्या घरी पाहणारा माणूस चोर नाही. तो चोर आहे असं गृहीत धरून बनवलेल्या यंत्रणेचा राग डिस्कवर का काढायचा?

मग आपल्याकडचा हुशार माणूस चौथा प्रश्न टाकतो: आमच्या घरात ब्लू-रे आहेत कुठे? आहेत त्या व्हीसीडी, डीव्हीडी आणि लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या सीडी. हा प्रश्न मला खोडायचा नाही, कारण माझी बाजू इथूनच सुरू होते.

ब्लू-रे ड्राइव्ह म्हणजे एका पेटीत तीन पिढ्यांचे डोळे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण, डीव्हीडीला ६५० चा लाल आणि ब्लू-रेला ४०५ चा निळसर जांभळा. हे तिन्ही त्या एका ड्राइव्हमध्ये असतात. १९९० च्या दशकातली ऑडिओ सीडी, नंतरची व्हीसीडी, मुंजीची डीव्हीडी आणि अमेरिकेतल्या भाचीने पाठवलेला ब्लू-रे, सगळं तिथे लागतं. नागपूरच्या घराघरांत आणि खास करून नागपूरच्या सार्वजनिक आयुष्यात या जुन्या डिस्कांवर काय काय साठलं आहे, याची कल्पना "कोन लावते" म्हणणाऱ्याला नाही.

दीक्षाभूमीचंच घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी लाखो माणसं तिथे येतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. त्या पुस्तकांच्या स्टॉलशेजारी वर्षानुवर्षं भीमगीतांच्या कॅसेट मांडलेल्या असत, नंतर सीडी आणि व्हीसीडी आल्या. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींची गाणी, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, आणि त्यांच्यासोबत गावोगावच्या कितीतरी कव्वालांची, गायनपार्ट्यांची, छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली गाणी. मोठ्या नावांचं बरंचसं आता यूट्यूबवर कुणीतरी चढवलेलं आहे. लहान नावांचं काय? पाचपन्नास गावांत विकली गेलेली एखादी व्हीसीडी, जिचा निर्माता आता त्या धंद्यात नाही, तिची शेवटची प्रत कुणाच्या तरी लोखंडी पेटीत, लाल किल्ल्याच्या किंवा ताजमहालाच्या चित्राच्या पिशवीत पडलेली असेल. कोणतीही ओटीटी कंपनी ती शोधत येणार नाही. झाडीपट्टीतली खडी गंमत, दंडार आणि वडशाकडची नाटकं यांच्या चित्रीकरणांचीही हीच गत. हा आपला सांस्कृतिक दस्तऐवज आहे, आणि तो वाचणारा ड्राइव्ह नव्या डेस्कटॉपमधून आपण बिनदिक्कत काढून टाकतो आहोत, याची मला खरोखर चिंता वाटते.

त्यात आपलं हवामान. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत कपाटही तापतं. कारखान्यात ठसा मारून काढलेली डिस्क हे बऱ्यापैकी सोसते. फोटो स्टुडिओने रेकॉर्ड करून दिलेल्या लग्नाच्या डीव्हीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर असते, आणि तो थर उष्णतेने व उजेडाने खराब होतो. ठशाच्या डिस्काही अमर नसतात. २००६ ते २००९ च्या काळात निघालेल्या काही डीव्हीडी खराब होत असल्याचं वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केलं. म्हणून डिस्क कपाटात ठेवली की काम झालं, असं मी म्हणत नाही. ती वाचून हार्ड डिस्कवर उतरवायला हवी, आणि त्यासाठीही आधी वाचणारा ड्राइव्ह लागतोच.

"एवढ्यासाठी डीव्हीडी ड्राइव्ह पुरे, ब्लू-रे कशाला?" हा सगळ्या विरोधातला सगळ्यांत नेमका मुद्दा. उत्तर असं, की काही हजारांचा फरक एकदाच मोजावा लागतो आणि त्यात आणखी एक पिढी हाताशी येते. कोरी ब्लू-रे डिस्क २५ जीबी धरते, डीव्हीडी ४.७. घरचे फोटो आणि एचडी व्हिडिओ साठवायला हा फरक कामाचा आहे. सोनी थांबली तरी कोऱ्या ब्लू-रे बनवणारे इतर आहेत. आणि जुन्या चित्रपटांचं उत्तम रूप आज पुष्कळदा याच डिस्कवर मिळतं. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत जळाल्या होत्या; त्यांचं जिद्दीने केलेलं पुनरुज्जीवन क्रायटेरियन या कंपनीने २०१५ मध्ये ब्लू-रेवर आणलं. जनसंवाद, चित्रपट किंवा मराठी विभागात शिकणाऱ्या नागपूरच्या मुलाने ते विभागाच्या डेस्कटॉपवर, थांबवत, मागे नेत, एकेक चौकट पाहत अभ्यासावं. ओटीटीच्या भरवशावर अभ्यासक्रम लावता येत नाही. शिकवायच्या आठवड्यात चित्रपट तिथे असेलच असं नाही.

परदेशी डिस्क अडण्याची, म्हणजे रिजनची, भीतीही कॉम्प्युटरवर कमी आहे. ब्लू-रेमध्ये भारत सी भागात येतो आणि अमेरिका ए भागात, त्यामुळे परदेशातून आलेल्या काही डिस्का टीव्हीजवळच्या प्लेअरवर अडतात. कॉम्प्युटरवर ही तपासणी ड्राइव्ह करत नाही, सॉफ्टवेअर करतं. शिवाय पुष्कळ डिस्कांवर असं बंधन नसतंच.

आणि आपल्या चित्रपटांचं काय? 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. आज त्याचा काही भागच उरला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या पुष्कळ जुन्या नायट्रेट फिल्मा २००३ च्या आगीत गेल्या. आता राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात जुन्या चित्रपटांचं पुनरुज्जीवन सुरू आहे, लोकांच्या पैशाने. मग त्या सुधारलेल्या प्रती लोकांना विकतही मिळाल्या पाहिजेत, कुलपाविना आणि रास्त किमतीत. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलवरचा, इथेच चित्रित झालेला 'झुंड' २०२२ मध्ये आला. त्याची चांगली डिस्क शहरातल्या प्रत्येक वाचनालयाच्या कपाटात असावी, असं वाटण्यात काही गैर आहे का? वाचणारी यंत्रंच उरली नाहीत तर निर्मात्याकडे ही मागणी करायला आपल्याला तोंड राहणार नाही.

तेव्हा नवा डेस्कटॉप घेणाऱ्यांना विनंती आहे. सव्वापाच इंची कप्पा असलेला कॅबिनेट हट्टाने मागा. नसेलच मिळत तर यूएसबीवर चालणारा ब्लू-रे ड्राइव्ह घ्या. त्यासोबत चित्रपट दाखवणारं सॉफ्टवेअर येतं की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. वाचनालयांनी आणि कॉलेजांनी खरेदीच्या यादीत निदान एका कॉम्प्युटरपुढे हा ड्राइव्ह लिहावा आणि वाचकांना आपापल्या डिस्का तिथे आणून उतरवू द्याव्यात. आणि घरातल्या जुन्या डिस्का, आधी लग्नाच्या आणि गाण्यांच्या, पुढचा उन्हाळा लागण्याआधी उतरवून घ्या.